मदत हवी आहे: नाशिकहून कमी खर्चात नेपाळ, सोबत आई

नमस्कार मंडळी, आईला मुक्तिनाथाचं दर्शन घडवायचंच आहे. दोघांचं बजेट जेमतेम 40 हजार, त्यामुळे विमानाचा विषयच नाही. नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने नेपाळ सीमेवरचं सोनौली, पुढे लुंबिनी आणि पोखरा असं ठरतंय.

व्हिसा लागत नाही, भारताच्या 100 रुपयांना नेपाळचे 160 मिळतात, हे माहीत आहे. काळजी कागदपत्रांची आहे. आई 62 वर्षांची, पासपोर्ट नाही. आधार फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांनाच चालतं, म्हणजे मतदार ओळखपत्रावरच भिस्त. पण ते जुनं आहे, लॅमिनेशन सुटलंय, फोटोत चेहरा नीट दिसत नाही. सीमेवर अडवतील का? नवीन काढून घ्यावं?

दुसरं, पोखऱ्याहून मुक्तिनाथाच्या वाटेवरच्या जोमसोमपर्यंत बस बरी की शेअर जीप? आईचे गुडघे दुखतात आणि मंदिर साधारण 3,700 मीटरवर आहे, म्हणून एक मुक्काम वाटेत करावा असं मला वाटतं. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, तिला त्रास नको. वाटेत स्वस्त, स्वच्छ आणि गरम पाणी मिळेल अशी धर्मशाळा कुणाला माहीत आहे का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.