वेब डिझाइन : कामी आलेल्या युक्त्या आणि शिकण्याच्या जागा – तुमचे अनुभव लिहा

वेब डिझाइनकडे नव्याने वळलेली माणसं भेटली की एकच मागणी करतात, "चांगल्या लिंका पाठवा." पाठवते. पण यादी मिळाल्याने कोणी शिकलंय असं फारसं दिसत नाही. यादीतली प्रत्येक जागा चांगलीच असते. कोणती अडचण आली की कुठे जायचं, हे मात्र यादी सांगत नाही. ते ज्याची अडचण तिथे सुटली तोच सांगू शकतो. म्हणून हा धागा. एखादी युक्ती किंवा शिकण्याची एखादी जागा, जिच्यामुळे तुमची कामाची पद्धत बदलली, ती लिहा. नुसतं नाव नको. कुठे अडलं होतं आणि काय उलगडलं तेही येऊ द्या.

सुरुवात मी करते. माझी जागा म्हणजे एमडीएन. मोझिलाने २००५ साली सुरू केलेला, वेबच्या भाषांचा हा दस्तऐवज सगळ्यांना माहीत असतो, पण बहुतेक जण वरचं उदाहरण उचलतात आणि निघतात. प्रत्येक सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) प्रॉपर्टीच्या पानावर तळाकडे एक छोटा तक्ता असतो : सुरुवातीची किंमत काय, ती वारशाने खाली उतरते का, टक्केवारी कशाच्या मानाने मोजली जाते. तो तक्ता वाचायची सवय लागली आणि माझं अंदाजाने आकडे बदलत बसणं थांबलं. वरच्या पॅडिंगला (खोक्याची कड आणि मजकूर यांमधली जागा) दिलेली टक्केवारी उंचीवरून नाही तर बाहेरच्या खोक्याच्या रुंदीवरून मोजतात, हे कोणत्याही व्हिडिओत मला मिळालं नव्हतं. तिथे एका ओळीत होतं.

छापील मांडणीतून वेबकडे आलेली

मी मासिकांची पानं लावायचे. तिथे पानाची रुंदी आधी ठरते आणि मग बाकी सगळं. वेबवर रुंदी वाचणाऱ्याच्या हातात असते, आणि हे नुसतं कळून भागत नाही, हाताला वळण लागावं लागतं. ईथन मार्कॉट यांचा मे २०१०चा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनवरचा लेख मी उशिराच वाचला. लवचीक ग्रिड, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार शैली बदलणारी अट) या तीनच गोष्टी त्यात आहेत, पण विचार अजून ताजा आहे. डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातूनच वाचावा. त्याचे सारांश वाचून ती दृष्टी येत नाही.

पुढची उडी सीएसएस ग्रिडची, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत पान मांडायच्या पद्धतीची. मार्च २०१७मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी यांत ते जवळपास एकदमच आलं. मला सर्वांत उपयोगी पडलेली ओळ म्हणजे 'रिपीट'मध्ये 'ऑटो-फिट' आणि त्यात 'मिनमॅक्स'. कार्ड (मजकूर-चित्राचं एक खोकं) किमान इतकं रुंद हवं, जागा उरली तर सगळ्यांनी वाटून घ्यावी, एवढंच सांगायचं; किती रकाने बसतात ते ब्राउझर ठरवतो. एकही मीडिया क्वेरी लागत नाही. फक्त किमान रुंदी अगदी छोट्या पडद्याहून मोठी असेल तर कार्ड बाहेर सांडतं, म्हणून ती किंमत 'मिन' या फंक्शनमध्ये शंभर टक्क्यांबरोबर द्यायची. शिकताना फायरफॉक्सचा ग्रिड इन्स्पेक्टर उघडा ठेवा. रेषा आणि त्यांचे क्रमांक पानावरच दिसतात आणि छापील मांडणीवाल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

२०२३पासून कंटेनर क्वेरीही सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहेत. म्हणजे कार्ड आता खिडकीच्या नाही, तर ज्या खोक्यात बसलंय त्याच्या रुंदीप्रमाणे बदलू शकतं. बाजूच्या अरुंद पट्टीत एक रूप, मुख्य रकान्यात दुसरं.

फ्रीलान्स डिझायनर

माझी युक्ती तांत्रिक कमी आणि शिस्तीची जास्त. मॉकअपमध्ये (डिझाइनच्या नमुन्यात) कधीही शोभेचा मजकूर भरायचा नाही. सर्वांत लांब नाव, दोन ओळींत न मावणारा मथळा, चित्रच नसलेली बातमी, शून्य निकाल आलेला शोध, एकच वस्तू असलेली यादी हे आधी मांडायचं. लेआउट कुठे फुटतो ते क्लायंटसमोर कळण्यापेक्षा आपल्या टेबलावर कळतं. एका कामात क्लायंटने मजकूर शेवटच्या दिवशी दिला आणि तो मॉकअपच्या दुप्पट होता. डिझाइन तरीही उभं राहिलं, कारण लांब मजकुराची आवृत्ती आधीच तपासलेली होती.

आता फुटलेलं दुरुस्त कसं करायचं ते. सगळ्या एलिमेंटना एक लाल 'आउटलाइन' द्यायची. 'बॉर्डर' नाही, कारण बॉर्डर जागा खाते आणि मांडणी सरकते. आउटलाइन जागा घेत नाही. आडवा स्क्रोल कोणामुळे येतोय ते बहुतेक वेळा लगेच दिसतं. फ्लेक्समधला (घटक एका रांगेत मांडणाऱ्या फ्लेक्सबॉक्स पद्धतीतला) रकाना लांब वेबपत्त्यामुळे फुगत असेल तर त्याला 'मिन-विड्थ' शून्य द्या. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, म्हणजे आतल्या मजकुराहून लहान व्हायला तो तयार नसतो. हे एक कारण समजलं की कितीतरी कोडी सुटतात. 'स्टिकी' (स्क्रोल करताना जागेवर थांबणारा घटक) चिकटत नसेल तर वरच्या पालकांपैकी कोणाला 'ओव्हरफ्लो हिडन' (खोक्याबाहेर जाणारं लपवणं) आहे का बघा. आणि 'झेड-इंडेक्स' (कोणतं खोकं वर दिसेल ते ठरवणारा आकडा) नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव देऊनही खोकं मागेच राहत असेल, तर पालकावर 'ट्रान्सफॉर्म' किंवा एकाहून कमी 'ओपॅसिटी' असण्याची शक्यता मोठी. त्यांच्यामुळे नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (थरांचा स्वतंत्र गट) तयार होतो आणि आतला आकडा बाहेरच्यांशी तुलना करायलाच उरत नाही.

ही कारणं मला लोकांच्या उत्तरांतून तुटक तुटक मिळाली. सलग वाचायची असतील तर गूगलच्या वेब डॉट डेव्हवरचा 'लर्न सीएसएस' हा मोफत अभ्यासक्रम चांगला आहे. पहिला धडाच बॉक्स मॉडेलचा आहे आणि तो अनुभवी माणसानेही गाळू नये.

ॲक्सेसिबिलिटीची (पान सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता येतं का याची) तपासणी करणारा

वरच्या तिघा-चौघांच्या हातात उंदीर (माउस) आहे असं गृहीत दिसतं. माझी विनंती : तुमच्या पानावर उंदीर बाजूला ठेवा आणि फक्त टॅबची कळ दाबत फिरा. आपण कुठे आहोत ते दिसतं का? मेनू उघडतो का? उघडलेली खिडकी एस्केपने बंद होते का? याला पैसे लागत नाहीत, साधन लागत नाही, आणि यातून जितकं कळतं तितकं कोणत्याही आपोआप चालणाऱ्या तपासणीतून कळत नाही. 'आउटलाइन नन' लिहून फोकसची (टॅबने पोहोचलेल्या जागेभोवतीची) कड काढून टाकण्याची पद्धत बंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. कड आवडत नसेल तर 'फोकस-व्हिजिबल' वापरून आपल्याला हवी तशी आखा, पण ठेवा.

आकडे लक्षात ठेवावेत असे थोडेच आहेत. वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सच्या एए पातळीसाठी साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराचा ३ : १. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत बोट लावायच्या जागेचा किमान आकारही आला, २४ बाय २४ पिक्सेल, काही अपवाद वगळून. आणि पान ४०० टक्के मोठं केलं तरी वाचताना दोन दिशांना सरकवावं लागू नये. १२८० पिक्सेलची खिडकी ४०० टक्के झूम केली की ३२० पिक्सेल उरते. म्हणजे तुमचा मोबाइलचा लेआउट नीट असेल तर मोठी अक्षरं करून वाचणाऱ्याचंही काम होतं. एका मेहनतीत दोघांची सोय.

वेबएमचा (WebAIM) कॉन्ट्रास्ट तपासणारा आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा), या माझ्या रोजच्या गोष्टी. डिझायनरने आपलं एक पान डोळे मिटून एनव्हीडीएवर ऐकावं. 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' असं लागोपाठ ऐकलं की लिंकच्या मजकुराबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

देवनागरी फाँटवर काम करणारी

हा विषय मराठीत चालला आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण इंग्रजी पाठांमध्ये हे सापडत नाही.

पहिलं : पानाच्या मूळ टॅगमध्ये 'लँग' म्हणून 'एमआर' लिहा. मराठीचे ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून वेगळे आहेत. दोन्ही रूपं असलेल्या फाँटला भाषा कळली तरच तो मराठी वळण देतो. स्क्रीनरीडरला कोणत्या आवाजात वाचायचं हेही त्यावरूनच कळतं. दोन अक्षरांचं काम, आणि तरी कितीतरी मराठी पानांवर तिथे 'ईएन' असतं.

दुसरं : 'लेटर-स्पेसिंग'. रोमन मथळ्यांना मोकळं अंतर देतात, तीच शैली देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते. शब्द शब्द राहत नाही, सुट्या अक्षरांची रांग होते. ':लँग' हा सिलेक्टर वापरून मराठीसाठी ते अंतर शून्य करा. तिसरं : ओळींमधली जागा. रोमनसाठी दीडपट 'लाइन-हाइट' चालते, मी देवनागरीला १.६ ते १.८ देते. घट्ट ओळ आणि 'ओव्हरफ्लो हिडन' एकत्र आले की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, बटणांत तर हमखास. उंची ठरवून देऊ नका, पॅडिंग द्या.

चौथं, जे डेव्हलपरला सांगावं लागतं : जावास्क्रिप्टने अक्षरं मोजून मजकूर तोडला तर मात्रा अक्षरापासून सुटते. 'किती' या शब्दात वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, संगणक चार मोजतो. 'इंटल डॉट सेगमेंटर' त्यासाठीच आहे आणि तो २०२४पासून मुख्य ब्राउझरांत सगळीकडे चालतो. वर रुंदीचा विषय आलाच आहे तर तेही : ओळीची लांबी 'सीएच'मध्ये देतात, पण ते एकक शून्य या आकड्याच्या रुंदीवरून ठरतं. देवनागरीत ते अक्षरसंख्येशी जुळत नाही. मी 'ईएम' (फाँटच्या आकारावरून ठरणारं एकक) वापरते आणि डोळ्यांनी ठरवते.

फाँट निवडताना मुक्ता, बलू, हिंद आणि नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे आहेत, तिथून सुरुवात करा. निवडताना स्वतःचा चाचणी-मजकूर ठेवा : ऱ्य, द्ध, ङ्क, क्ष्म, र्कि, ट्ठ, ॲ, ऑ. फाँटच्या पानावरचं शोभिवंत वाक्य सगळ्यांचंच सुंदर दिसतं, खरी परीक्षा इथे होते. देवनागरीत इटालिक बहुधा नसतंच. ब्राउझर सरळ अक्षरांना तिरकं ढकलतो आणि ते वाईट दिसतं. 'फाँट-सिंथेसिस नन' लिहून ते थांबवता येतं. जोर द्यायला वजन किंवा रंग पुरतो.

वरच्याला पूरक, वेगाबद्दल

जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल जड असते, म्हणून 'युनिकोड-रेंज' लावून लिपीनुसार फाइली वेगळ्या ठेवा. गूगल फाँट्सही तेच करतं. आणि चित्रांना रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर ज्यात लिहितात त्या भाषेत) लिहाच. ब्राउझर जागा आधी राखून ठेवतो आणि वाचता वाचता पान उडी मारत नाही. 'लेझी' लोडिंग (चित्र जवळ आल्यावरच उतरवणं) खालच्या चित्रांना द्यायचं, सर्वांत वरच्या मोठ्या चित्राला नाही, नाहीतर तेच उशिरा येतं. लाइटहाउसच्या (गूगलचं पान तपासणारं साधन) गुणांपेक्षा तीन मापं बघा : पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक (चित्र किंवा मजकूर) अडीच सेकंदांत दिसणं, पानाचं सरकणं ०.१ च्या आत, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत.

शिकणारा विद्यार्थी

मला फ्लेक्सबॉक्स समजलं ते 'फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी' या खेळामुळे. बेडकाला पानावर बसवायचं, त्यासाठी कोड लिहायचा. त्याच धर्तीचा ग्रिड गार्डनही आहे. खेळ संपल्यावर मात्र रिकाम्या फाइलसमोर हात थांबत होता. मग आमच्या शिक्षकांनी सीएसएस झेन गार्डन दाखवलं. २००३पासूनचा हा प्रकल्प : एचटीएमएल एकच, फक्त सीएसएस बदलून कितीतरी वेगळी पानं. त्यातली आवडती रचना न बघता पुन्हा बनवायची आणि मग मूळ कोडशी ताडून बघायचं. फरक का पडला ते शोधताना जे शिकलो ते टिकलं. फ्रीकोडकॅम्पचा अभ्यासक्रमही चालू आहे, पण मला ताडून बघण्याचा सराव जास्त फळला. एक प्रश्न : आधी फिग्मा (डिझाइन आखायचं साधन) शिकावं की आधी कोड?

धागाकर्ती

आधी एचटीएमएल आणि सीएसएस. फिग्मातलं ऑटो लेआउट बरंचसं फ्लेक्सबॉक्सच्या विचारावर चालतं, त्यामुळे कोड येत असेल तर ते फार झटकन समजतं. आणि ब्राउझरला जमेल असंच डिझाइन हातून निघतं. नवीन प्रॉपर्टी वापरण्याआधी 'कॅन आय यूज'वर (कोणत्या ब्राउझरात काय चालतं ते सांगणारी साइट) बघायची सवयही आत्ताच लावून घ्या.

फॉर्म बनवणारी

फॉर्मबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण लोक साइटवर थांबतात किंवा निघून जातात ते इथे. प्रत्येक रकान्याला खरं 'लेबल' हवं. आतला फिकट 'प्लेसहोल्डर' टाइप करायला लागताच नाहीसा होतो आणि माणूस विसरतो काय विचारलं होतं. 'ऑटोकम्प्लीट' नीट लिहिलं तर नाव-पत्ता ब्राउझर भरून देतो. ओटीपीसाठी 'इनपुटमोड न्यूमेरिक' दिलं की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. तिथे 'टाइप नंबर' देऊ नका, सुरुवातीचं शून्य गळू शकतं. आयफोनवर रकान्यातला फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर टाइप करायला गेल्यावर सफारी पान आपोआप झूम करतं. त्यावर उपाय म्हणून झूमच बंद करणारे कोड फिरतात, ते वापरू नका. फाँट १६ करा. चूक दाखवणारा संदेश रकान्यालगत लिहा, काय करायचं ते सांगा, आणि भरलेलं काहीही पुसू नका.