कोल्हापुरात खोल्या भाड्याने द्यायला परवाना लागतो का?

ई_वॉर्ड: राजारामपुरीत घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रिकामं आहे. विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांना द्यायचंय. भाडं 8,000, डिपॉझिट 30,000, मुदत 11 महिने. महापालिकेचा परवाना काढावा लागतो का? एजंट म्हणतोय, 11 महिन्यांचा करार नोटरी केला की बास.

दस्तलेखक: राहतं घर भाड्याने द्यायला महापालिकेचा परवाना लागत नाही. पण एजंटचं ऐकू नका. एक वर्षाच्या आतल्या करारांना नोंदणीतून सूट आहे ती केंद्राच्या नोंदणी कायद्यात. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असू दे. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. वाद झाला की अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर येतं.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर ताबा मागायला त्याच कायद्याचं कलम 24 आहे. घर सोडलं नाही तर दुप्पट शुल्क मागता येतं. मात्र चिडून पाणी किंवा लाईट तोडू नका, कलम 29 त्याला मनाई करतं.

हिशेबनीस: खर्च मांडून देतो. 8,000 × 11 = 88,000. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, 11 महिन्यांचं झालं 2,750. एकूण 90,750, त्याच्या 0.25 टक्के म्हणजे 227 रुपयांच्या आसपास मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी वेगळी. एवढ्यासाठी नोटरीची पळवाट कशाला?

ऑनलाईन नोंदणीत दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदारांचे आधार आणि अंगठे लागतात. अडतं ते अंगठ्यावर. वयस्कर मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. आधार केंद्रात बायोमेट्रिक आधीच अपडेट करून घ्या. सिटी सर्व्हे नंबर प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवूनच भरा. आणि तिघांचीही नावं करारात घाला. एकाच्याच नावावर केला तर उरलेले दोघं कोणत्या हक्काने राहतात, हे कागदावर कुठेच येत नाही.

शाहूपुरी_वाचक: पोलिसांकडे द्यायची ती माहिती, परवानगी नव्हे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूचा फॉर्म आहे, किंवा थेट पोलीस ठाण्यात द्या. फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता आणि ओळखणाऱ्या दोघांची नावं जोडा. पोच जपून ठेवा. करार नोंदला म्हणून हे आपोआप होतं, असं धरून चालू नका.

ई_वॉर्ड: आभारी आहे. उद्या कॉट वाढवून जेवणासकट दहा-बारा मुलं ठेवली तर?

दस्तलेखक: मग ते घर राहत नाही, वसतिगृह होतं. आधी महापालिकेच्या अग्निशमन विभागात जाऊन काय बसवावं लागेल ते विचारा. ती यंत्रणा बसली की चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत, दरवर्षी दोनदा द्यावा लागतो. जेवण देणार तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आली. वापर बदलला की घरफाळ्याची आकारणीही बदलू शकते, तेव्हा कॉट आणण्याआधी घरफाळा विभागात विचारून घ्या.

पंचगंगाकाठ: तुमचं राजारामपुरीत, उंचावर आहे. पण हा धागा सुतारवाडा, दुधाळी, जामदार क्लब भागातले मालकही वाचतील. तळमजला देताना 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते भाडेकरूला आधी सांगा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पुरामुळे खोली सोडावी लागली तर त्या दिवसांचं भाडं, सामान वर हलवायची जागा आणि मीटर दुरुस्तीचा खर्च, हे तिन्ही करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पाणी ओसरल्यावर कुणाला आठवत नाही.