सातबारा नावावर असला तरी

विद्यापीठाने झाडांच्या संशोधनाची ठाणे जिल्ह्यातली आपली जमीन विकावी का, या चर्चेत ‘जमीन विद्यापीठाची, मग विकायला अडचण काय?’ असं एकाने विचारलंय. आधी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग-२ असेल, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना बघा आणि जुने फेरफार (हक्क बदलाच्या नोंदी) काढा. ठाणे जिल्ह्यात खरी मेख तिथेच असते: १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याची (याने खाजगी वनं सरकारजमा झाली) किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ च्या नोटिशीची नोंद. जमीन खाजगी वन ठरायला नुसती नोंद पुरत नाही बरं का. गोदरेज प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नोटीस निघणं पुरेसं नाही, ती मालकावर बजावलेली हवी, असं म्हटलं. त्यामुळे बजावणीचा कागद मागा. अनेक वाद तिथेच अडतात. आणि वन संवर्धन कायदा (वनजमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते, असं सांगणारा) मालक कोण ते बघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशापासून स्पष्ट आहे.

‘संशोधन येऊरकडे हलवा’ (म्हणजे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात) ही चर्चेतली दुसरी सूचना मात्र पटत नाही. कायम नमुना क्षेत्रात, म्हणजे अभ्यासासाठी कायमच्या आखलेल्या तुकड्यात, नंबर ठोकलेल्या त्याच झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर वर्षानुवर्षं मोजतात. जागा बदलली की मोजमापांची मालिका शून्यावर.