मदत हवी आहे: पिस्तुलाच्या मागच्या साइटचा ग्रब स्क्रू स्लिप झालाय

.२२ चं टार्गेट पिस्तूल आहे, अमेरिकन बनावटीचं. मागची साइट (नेम धरायची खाच) डोव्हटेलमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या तिरक्या कडांच्या खोबणीत बसते आणि वरून एका बारक्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचा, षट्कोनी भोकाचा स्क्रू) आवळलेली असते. साइट जराशी डावीकडे सरकवायची होती, एवढंच काम. ॲलन की घातली, जोर लावला आणि तो ओळखीचा 'कट्' आवाज आला. आता षट्कोनाचं जवळपास गोल भोक झालंय, की घातली की नुसती गरगर फिरते.

आतापर्यंतचे उद्योग: गंज सोडवायचं तेल रात्रभर सोडून ठेवलं, काही फरक नाही. मग भोकात रबरबँड ठेवून त्यावर की दाबली. रबराचे तुकडे आता आत अडकलेत, ते वेगळंच.

कुणी विचारायच्या आधी सांगतो: मॅगझिन काढलंय, चेंबर डोळ्यांनी पाहून आणि करंगळीने चाचपून रिकामं असल्याची खात्री केलीय, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात आहेत. स्लाइड खोलून टेबलावर आहे. भाऊ म्हणतो सरळ ड्रिल मारू. माझा धीर होत नाही.

जाता जाता, ग्रिपच्या एका स्क्रूची खाचही मीच खराब केलीय. तोही हलत नाही.

खाचखळगे: ड्रिल आधी भावाच्या हातातून काढून घ्या. की कितीची वापरलीत?

धागाकर्ता: दीड मिमी. जरा सैल वाटली, पण जात होती.

खाचखळगे: तिथेच घात झाला. हे भोक बहुतेक १/१६ इंची असणार, म्हणजे १.५८७५ मिमी. फरक जेमतेम केसाच्या जाडीचा, पण एवढ्याशा षट्कोनाचे कोपरे खायला तो पुरतो. दुसरं म्हणजे, स्क्रू का अडकलाय ते न बघता तेल ओतू नका. गंज असेल तर तेल कामाचं. आट्यांना लॉक्टाइटसारखा गोंद लावलेला असेल तर तेल महिनाभर ठेवलंत तरी तो विरघळत नाही. भिंगातून कडेला बघा, काही रंग दिसतो का.

धागाकर्ता: पाहिलं. निळसर पापुद्रा आहे.

खाचखळगे: मग गोंदच. निळा मध्यम ताकदीचा असतो, एरवी हातानेही सुटतो, पण भोक झिजल्यावर उष्णता द्यावीच लागेल. आधी तेल पूर्ण पुसून काढा, नाहीतर धूर होईल. रबराचे तुकडे सुईने उकरा. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट स्क्रूवर दोन-तीन मिनिटं टेकवा. साइटमध्ये प्लास्टिकचा रंगीत फायबर असेल तर तो आधी काढा, वितळतो. ब्लोटॉर्च अजिबात नको, स्लाइडचा रंग उडेल.

की नवी घ्या, १/१६ इंची. जुन्या कीचं टोकही गोल झालेलं असतं. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला किंचित लावली तर पकड वाढते. स्क्रू गरम असतानाच की ठोकून बसवा आणि आधी केसभर आवळायच्या दिशेने फिरवा. गोंदाला तडा गेला की मग उलट. तरीही की फिरली तर किंचित मोठं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा. स्क्रूचं वाटोळं होईल, पण तो तसाही फेकायचाच आहे.

तेलकट हात: ड्रिलबद्दल एक. एवढ्या बारक्या स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर (ड्रिल केलेल्या भोकात घालून अडकलेला स्क्रू काढायचं अवजार) आत तुटला तर संपलं. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला लागत नाही. तिथवर वेळ आली तर गनस्मिथकडे जा, लाज वाटून घेऊ नका.

ग्रिपच्या स्क्रूचं: साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, जोर लावला की खाचेतून वर चढतं. बंदुकीच्या कामाला समांतर कडांचं पातं लागतं, खाचेची रुंदी आणि जाडी पूर्ण भरणारं. पातं खाचेत उभं धरून वरून दोन-तीन हलके टोले द्या, मग वरून दाबूनच फिरवा. ग्रिप १९११ नावाच्या पिस्तुलाच्या पद्धतीची असेल तर स्क्रूबरोबर खालचं बुशिंगच (स्क्रू ज्यात बसतो ती आट्यांची नळी) फिरून बाहेर येतं कधीकधी. आलं तर घाबरू नका, ते परत बसवता येतं.

धागाकर्ता: निघाला! पहिल्या खेपेला की पुन्हा फिरली. दुसऱ्यांदा टॉर्क्स ठोकलं, 'टक्' झालं आणि अर्धा आटा सुटला, मग लोण्यासारखा बाहेर. ग्रिपचा योग्य पात्याने दोन मिनिटांत आला, एवढं रडायची गरज नव्हती. नवीन ग्रब स्क्रूला काही लावू की कोरडाच बसवू?

खाचखळगे: जांभळा लावा, लॉक्टाइट २२२. बारक्या स्क्रूंसाठी तोच, कमी ताकदीचा. आट्यांवरचं तेल आधी साफ करा, नाहीतर धरणार नाही. एक थेंबही जास्त होतो, काडीच्या टोकाने लावा.

धागाकर्ता: लावला. जुना स्क्रू भिंगाखाली धरला होता. सहाच्या सहा कोपरे गेलेले, आणि तळाशी रबरबँडचा एक तुकडा अजून तसाच.