‘आज ड्रूथ चांगला आहे’ म्हणजे काय? दुष्काळ चांगला कसा असेल?

आटपाडीकर
नमस्कार मंडळी. माझी भाची स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला शिकायला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होती की तिची घरमालकीण, सत्तरीच्या पुढची बाई, सकाळी दारात येऊन म्हणाली आज ड्रूथ चांगला आहे, धुणं बाहेर वाळत टाक. भाचीनं स्पेलिंग विचारून घेतलं, डी-आर-ओ-यू-टी-एच. डिक्शनरीत बघितलं तर ड्रॉटचं जुनं रूप म्हणून दिलंय, आणि ड्रॉट म्हणजे दुष्काळ एवढं तर आपल्याला माहितीच आहे. आम्ही आटपाडीची माणसं, आमच्या आईनं बहात्तरला रोजगार हमीवर खडी फोडलीय, सुकडी खाऊन दिवस काढलेत, मी स्वतः टँकरमागं घागर घेऊन पळालोय आणि जनावरांबरोबर छावणीत रात्री काढल्यात. आमच्या तोंडून चांगला दुष्काळ असं कधी निघणार नाही. आईला सांगितलं तर ती काही बोललीच नाही, उठून आत गेली. बाईंचं चुकलं की शब्दाचा अर्थच वेगळा आहे? कुणी नीट सांगेल का.

शब्दवेडी_सातारा
दादा, बाईंचं काही चुकलेलं नाही. त्या शब्दात मुळात दुष्काळ नाहीच, नुसता कोरडेपणा आहे. इंग्रजीत वॉर्मचं वॉर्मथ होतं, ट्रूचं ट्रूथ, डीपचं डेप्थ, तसंच अगदी जुन्या इंग्रजीत ड्रायच्या मुळाला तो थ लागून ड्रूगाथ असा शब्द झाला. आपण नाही का ओल्याचं ओलावा, गाराचं गारवा करतो, तसंच हे, फक्त ओलाव्याच्या उलट. पुढं त्याची दोन रूपं झाली. एकात स्पेलिंगमधलं जी-एच राहिलं आणि शेवटच्या थ चा ट झाला, ते ड्रॉट. दुसऱ्यात जी-एच गळालं पण थ टिकला, ते ड्राउथ, स्कॉटिश लोक त्यालाच ड्रूथ म्हणतात. हाइट शब्दाचंही तेच झालंय, तो पण आधी थ वर संपायचा. ड्राउथ आज स्कॉटलंड, आयर्लंडात आणि अमेरिकेतल्या जुन्या खेडवळ बोलीत सापडतो, बाकीच्यांना तो जुनाट वाटतो.

खरा फरक आपल्या शब्दात आहे. दुष्काळ म्हणजे दुस् अधिक काळ, वाईट काळ. त्यात पाणी नाही, पाऊस नाही, ऊनही नाही, फक्त वाईट दिवस आहेत, म्हणून तर आपण ओला दुष्काळ पण म्हणू शकतो. 2019 च्या ऑगस्टात सांगली शहर पुरात होतं, पिकं कुजत होती, त्याला ओला दुष्काळच म्हणाले ना लोक. इंग्रजीत ओला ड्रॉट म्हटलं तर समोरचा गोंधळेल. त्यामुळं तुम्ही ड्रूथचं भाषांतर दुष्काळ केलंत तिथंच वाईट काळ आत शिरला. माझ्या मते कोरड हा शब्द जास्त जवळचा आहे, कारण स्कॉटिश लोक घशाला पडलेल्या कोरडीला पण ड्रूथच म्हणतात, आणि कायम पिणाऱ्या माणसालाही. रॉबर्ट बर्न्सची 1791 ला छापलेली एक कविता आहे, तिच्या सुरुवातीलाच बाजार उठल्यावर घसा कोरडा पडलेले शेजारी एकमेकांना भेटतात, तिथं त्यानं ड्रूथी शब्द वापरलाय.

बेदाणा_तासगाव
आम्हाला विचारा चांगला ड्रूथ काय असतो ते! फेब्रुवारी-मार्चात द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर पसरली की पंधरा-वीस दिवस आमचं सगळं लक्ष हवेकडं. कोरडा वारा पाहिजे. आभाळ आलं की पोटात गोळा येतो आणि अवकाळी झाला तर माल काळा पडतो, मग भाव गेला. जत, कवठेमहांकाळकडचं रान सह्याद्रीच्या आडोशाला, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडं जेमतेम पाचशेच्या आतबाहेर, पण त्याच कोरड्या हवेवर सांगलीचा बेदाणा उभा आहे. पाणी टेंभू-म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांचं आणि हवा दुष्काळाची, असं दोन्ही लागतंय त्याला. त्यामुळं मला त्या बाईंचं बोलणं लगेच समजलं. आमच्याकडं अशा वेळी वारं चांगलं लागलंय म्हणतात.

वारणाकाठ
छान धागा. एक शंका, आपला सुका आणि सुकाळ एकच का? म्हणजे सुकाळातही कोरडं आहे का काही?

शब्दवेडी_सातारा
नाही हो, ते दिसतं तसं पण आहे सु अधिक काळ, चांगला काळ. दुष्काळाच्या बरोबर उलट. सुका मात्र संस्कृत शुष्क वरून आलाय, आणि त्याचे भाऊबंद लांबवर पसरलेत. फारसीत खुश्क, त्यावरून आपला खुष्कीचा मार्ग, म्हणजे समुद्रातून नाही तर कोरड्या जमिनीवरून जाणारा. इंग्रजीत वाळलेल्या पानाला सिअर म्हणायचा एक जुना शब्द आहे, तो पण त्याच घरातला. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते तहान. संस्कृत तृष्णा, प्राकृत तण्हा, मराठी तहान, आणि इंग्रजी थर्स्ट, चारही शब्द एकाच मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थ वाळणं, कोरडं होणं. लॅटिनमध्ये जमिनीला टेरा म्हणतात तो शब्द पण तिथलाच, म्हणजे कोरडी ती जमीन. तर तहान लागणं आणि जमीन कोरडी पडणं हे फार पूर्वी एकाच शब्दात बोललं जायचं, आणि ज्यानं म्हसवडच्या उन्हात मे महिना काढलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आटपाडीकर
ताई, खूप खूप आभार, आणि तासगावकर तुमचेही. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. दुष्काळ म्हणजे वाईट काळ यावर तिनं नुसती मान हलवली. बेदाण्याचं ऐकल्यावर मात्र लगेच म्हणाली, “मग असं सांग की बाबा, कुरडयाचं ऊन पडलंय म्हणायचं होतं तिला.” भाचीला तसाच मेसेज टाकलाय, आता ती घरमालकिणीला कुरडई म्हणजे काय ते समजावत बसलीय.