ओकायामात दोन दिवस: तुम्ही काय पाहिलंत, काय हुकलं?

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात माझे बाबा गेली कित्येक वर्षं सकाळी फिरायला जातात. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्या बागेचं दुसरं नाव. एकदा घरी येऊन चहा पिताना ते म्हणाले, "ही नक्कल एवढी छान, तर मूळ बाग कशी असेल गं?" पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, पण माझ्या डोक्यातून तो गेलाच नाही.

येत्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं जपानला निघालोय. बाबा ७३ वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. आई पक्की शाकाहारी. टोकियो आणि क्योतो ठरलंय, आणि दोन रात्री मी ओकायामासाठी राखून ठेवल्यात. ज्या प्रवास कंपनीकडे चौकशी केली, तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "मॅडम, तिथे काही नाही, लोक तिथे फक्त गाडी बदलतात." मला ते पटलेलं नाही. पुण्यातलं उद्यान जिच्यावरून केलंय ती तिथली कोराकुएन ही जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक. इकेदा घराण्याच्या त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू करवलं आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. एवढ्यासाठीसुद्धा मी गेले असते.

तुमच्यापैकी जे जाऊन आलेत त्यांनी लिहा. स्थळांची यादी कुठेही मिळते. तुमचे दोन दिवस प्रत्यक्षात कसे गेले ते हवंय.

डोंबिवलीहून, नवराबायको

आम्ही तुमच्या त्या प्रवास कंपनीवाल्यासारखाच विचार केला होता. हिरोशिमाहून क्योतोला जाताना मध्ये उतरलो, बॅगा लॉकरमध्ये टाकल्या, हातात साडेतीन तास. स्टेशनसमोरून ट्राम पकडली, तिसऱ्या थांब्याला, शिरोशिताला उतरलो. तिथून दहा मिनिटं चाललं की नदी. आधी किल्ला पाहिला. तो काळा आहे, म्हणून लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. मूळचा १५९७ चा, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९६६ मध्ये पुन्हा बांधला. त्यामुळे आत काँक्रीट आहे आणि लिफ्टही आहे. लिफ्ट अगदी वरपर्यंत जात नाही, हे बाबांसाठी लक्षात ठेवा.

किल्ल्यातच वेळ गेला. मग आसाही नदीवरचा त्सुकिमी पूल ओलांडून बागेत शिरलो तेव्हा पाऊण तास उरला होता. आत आल्यावर एकदम सगळं मोकळं होतं. समोर एवढं मोठं हिरवळीचं मैदान आणि झाडांच्या वर तोच काळा किल्ला. बायको म्हणाली, "आपण इथे आधी यायला हवं होतं." परतीच्या गाडीत दोघंही गप्प होतो. तुम्ही दोन रात्री ठेवल्यात, फार चांगलं केलंत. त्यातली एकही कमी करू नका.

ओसाकात नोकरीला, मूळ औरंगाबादचा

वर्षातून तीनचार वेळा तरी मी ओकायामाला जातो, म्हणून गाड्यांचं लिहितो. टोकियोहून नोझोमी या बुलेट ट्रेनने साधारण सव्वातीन तास लागतात, शिन-ओसाकाहून पाऊण तास. सगळ्या जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. तुमच्या प्रवासाला तो वसूल होणार नाही. टोकियो-क्योतो सुटं तिकीट काढा. क्योतोहून पुढच्या फिरण्यासाठी जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा 'कन्साई वाइड एरिया' नावाचा पाच दिवसांचा पास बघा. त्यात ओसाका-ओकायामा शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन आणि पुढचं कुराशिकी गावही येतं. पाच दिवस सलग मोजतात, मध्ये खंड चालत नाही.

दुसरं बॅगांचं. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की या मार्गावर बॅगेच्या जागेसकट आसन आरक्षित करावं लागतं. माझ्या आईवडिलांच्या वेळी आम्ही घरीच शिंप्याच्या टेपने बॅगा मोजल्या, एक १६८ भरली. ती हॉटेलातून कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवली आणि आम्ही एक रात्र छोट्या बॅगेवर काढली. वयस्कर माणसांसोबत हे करायलाच हवं. फलाटांवर आणि जिन्यांवर जीव वाचतो.

नाशिकहून, आईसोबत गेलेली लेक

शाकाहाराबद्दल मला नीट लिहायचंय, कारण इथे आमची खरी परीक्षा झाली.

जपानी माणूस 'मांस नाही' म्हणतो तेव्हा तो मासे धरत नाही, आणि माशांचं पाणी तर त्याच्या हिशेबात खाणंच नसतं. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचा आणि कोंबू या समुद्री शेवाळाचा काढा. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, त्यांच्या रश्शात तो असतो, शिजवलेल्या भाजीत असतो, अंड्याच्या पदार्थांत असतो, इनारी सुशीच्या त्या गोडसर तोफूच्या पिशवीतही असतो. पहिल्या दिवशी आईने ती पिशवी आनंदाने खाल्ली. मला रात्री वाचताना कळलं. सांगावं की नाही, यावर मी बराच वेळ जागी होते. सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस, आता दोघी मिळून बघू."

मग जपानी येणाऱ्या मैत्रिणीकडून एक कार्ड लिहून घेतलं: मांस, मासे, माशांची दाशी यातलं काहीही चालत नाही, भात-भाज्या-सोयाबीन चालतं. एका गल्लीतल्या उदोनवाल्या काकांनी ते दोनदा वाचलं, आत गेले, बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले की आमच्याकडे जमणार नाही. तेवढ्यावर थांबले नाहीत. एका कागदावर नकाशा काढून दिला आणि त्यावर दोन चौक पलीकडच्या भारतीय हॉटेलावर गोल केला. त्या नकाशावर वाटेतलं फुलांचं दुकानसुद्धा काढलं होतं. आईने तो कागद जपून ठेवलाय.

बाकी आमचं जमलं ते असं: कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणारी ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, त्यातली उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची. तरी मागचे घटक फोनवर भाषांतर करून बघायचे. हॉटेलात किटली असतेच, सोबत मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली, दुकानातला गरम करून मिळणारा साधा भात. दोन रात्री तेच जेवलो आणि मजेत जेवलो. आणि किबी दांगो! तांदळाच्या पिठाचे, मऊ, बोटांना चिकटणारे छोटे गोळे. मोमोतारो नावाच्या, पीचच्या फळातून जन्मलेल्या पोराने हेच दांगो देऊन कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी सोबतीला घेतले आणि राक्षसांवर चाल केली, अशी तिकडची गोष्ट. स्टेशनाबाहेर त्या चौघांचा पुतळा आहे. आईने माझ्या भाच्यासाठी दोन डबे घेतले, एक विमानातच संपला.

इचलकरंजीहून

आमचा धंदा यंत्रमागाचा, तीन पिढ्यांचा. त्यामुळे मी बाग पाहिली, पण माझा जीव कुराशिकीत रमला. ओकायामाहून साध्या लोकलने पंधरासतरा मिनिटं. विलोची झाडं वाकलेला कालवा, पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, त्यातून फिरणारी नाव, हे सगळे सांगतीलच. मी गेलो आयव्ही स्क्वेअरला. १८८९ ची सूतगिरणी आहे ती, लाल विटांची. आता तिथे हॉटेल आणि संग्रहालय आहे. वेलींनी भिंती झाकल्यात. गिरणी बंद पडल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडेही आहे, म्हणून मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. गावातलं ओहारा कलासंग्रहालयही गिरणीमालकानेच १९३० मध्ये उभं केलं. पाश्चात्त्य चित्रांचं जपानमधलं ते पहिलं. एल ग्रेकोचं चित्र तिथे आहे. सोमवारी बंद असतं.

दुसऱ्या दिवशी कोजिमाला गेलो. जपानी जीन्स तिथे सुरू झाली. एका छोट्या दुकानात मागच्या बाजूला जुना धोट्याचा माग चालू होता. आवाज ऐकला आणि पाय थांबले. तोच खटखटाट, ज्यात मी लहानपणी झोपायचो. असा माग अरुंद कापड विणतो आणि कापडाला दोन्ही बाजूंनी पक्का काठ येतो. त्या काठासाठी लोक तिथे चढी किंमत मोजतात. दुकानदाराला फोनवर आमच्या कारखान्याचा व्हिडिओ दाखवला. त्याने कानाला लावून फक्त आवाज ऐकला, हसला आणि पॅण्ट उलटी करून शिवण दाखवायला लागला. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि आम्ही अर्धा तास बोललो.

ठाण्याहून, थोडक्यात

नाओशिमा बेटाचं ठरवत असाल तर वार आधी बघा. आम्ही सोमवारी गेलो, चिचू संग्रहालय बंद. तादाओ आंदो या वास्तुरचनाकाराची ती जमिनीखालची इमारत बघायलाच तर आलो होतो. शिवाय तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावं लागतं. उनो बंदरातून बोट वीसेक मिनिटांची. यायोई कुसामा या कलाकार बाईंचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प मात्र पाहिलं. २०२१ च्या वादळात ते समुद्रात ओढलं गेलं होतं, पुढच्या वर्षी नवं बसवलं. दोनच दिवस असतील आणि सोबत वयस्कर माणसं, तर बेट सोडा.

साताऱ्याहून, निवृत्त इतिहास शिक्षक

बागेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी शहराबाहेरच्या किबी मैदानी प्रदेशाविषयी लिहितो. बिझेन-इचिनोमिया स्थानकाजवळ सायकल भाड्याने मिळते आणि ती सोजा स्थानकाजवळ परत करता येते. अंतर सतरा किलोमीटरच्या आसपास, रस्ता बहुतेक सपाट, दोन्हीकडे भातशेते. मी ६४ व्या वर्षी रमतगमत पाच तासांत केले.

वाटेत किबित्सु देवस्थान लागते. उतारावरून खाली जाणारी त्याची लांबलचक लाकडी ओवरी पाहण्यासारखी आहे. येथील नारुकामा विधी मला फार मोलाचा वाटला. चुलीवर लोखंडी हंडा, वर वाफेचे भांडे, त्यात थोडे तांदूळ. हंडा घुमू लागतो आणि त्या आवाजावरून माणसाने आपला कौल आपणच समजून घ्यायचा. हंड्याखाली उरा नावाच्या पराभूत राक्षसाचे शिर पुरले आहे, अशी कथा. मोमोतारोच्या गोष्टीचे मूळ याच कथेत सांगतात. ज्याला मारले त्यालाच पुढे शुभाशुभ विचारायचे, हे पाहून मला आपल्याकडची गावोगावची म्हसोबाची ठाणी आठवली.

पुढे त्सुकुरियामा ही सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची प्राचीन समाधी-टेकडी आहे. एवढ्या मोठ्या टेकडीवर चढू देतात, हे जपानात विशेष. वर मी आणि एक शाळकरी मुलगा असे दोघेच होतो. नोव्हेंबरात हवा छान असते. तुमच्या वडिलांना सायकल जमणार नसेल, तर रेल्वेने किबित्सुपर्यंत तरी न्या.

पुण्याहून, रोपवाटिका चालवणारी

बागेबद्दल एकच गोष्ट सांगते. मीही नोव्हेंबरातच गेले होते. एका पाइनवर दोन माळी शिड्या लावून बसले होते आणि जुन्या सुया बोटांनी एकेक करून उपटत होते. कात्री नाही. खाली चादर अंथरलेली. मी वीस मिनिटं उभी होते, तेवढ्यात एक फांदी झाली. झाडातून पलीकडचं आकाश दिसायला लागलं, तेव्हा ते पुढच्या फांदीकडे वळले.

आत भाताचं छोटं खाचर आहे, चहाचा मळा आहे, पिंजऱ्यात क्रौंच आहेत. चिशिओ नावाच्या भागात मेपल आहेत, तुमच्या तारखांना ते लाल असतील. वाटा खडीच्या आहेत, पण चाकाची खुर्ची तिथे मिळते. र्‍युतेन नावाचा एक मंडप आहे, भिंती नाहीत, मधून पाण्याचा पाट वाहतो, पाटात रंगीत दगड. बूट काढून तिथे बसता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला काठावर पाय सोडून बसायला त्याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नाओशिमा काढलं. पहिला दिवस पूर्ण बागेला, दुसऱ्या दिवशी सकाळी कुराशिकी, दुपारी जमलं तर रेल्वेने किबित्सु. शिंप्याच्या टेपने बॅगा मोजल्या, तिन्ही बसतात. कार्ड लिहून घेण्यासाठी एक ओळखीचे जपानी शिक्षक तयार झालेत.

काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. माळ्यांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "बाग उघडते किती वाजता?" म्हटलं, नोव्हेंबरात आठला. "मग आठलाच दारात असू. नेहमीसारखं."