बांगडा खाऊन मरणारी हिरोईन आणि मुखवट्यातला योको तारो: प्रेम की उगाच कौतुक?

म्हापशेकार: काल रात्री योको तारो या दिग्दर्शकाच्या निअर ऑटोमाटा या व्हिडिओ गेमचं ई एंडिंग, म्हणजे त्याच्या अनेक शेवटांपैकी पाचवा, केलं. बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर बसून खेळत होतो. क्रेडिट्सची नावंच तुमच्यावर गोळ्या झाडतात, एकट्यानं ते निभत नाही, मग अनोळखी लोक तुमच्या भोवती कडं करून मार खातात आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी डेटा गेल्याचं लिहून येतं. शेवटी पॉड, म्हणजे गेममधला सोबतीचा रोबो, विचारतो, दुसऱ्यांच्या मदतीसाठी तूही तुझी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, देशील का? हो म्हटलं तर एकेक पान समोर पुसत जातं, नकाशा, शस्त्रं, सगळं. साठ तास गेले, आणि मला वाईट वाटलं नाही. या माणसावर जीव जडतो तो असा.

फोंडेकार_४: जीव कसला, डोस्क्याला ताप. ए एंडिंग संपलं की बी मध्ये तीच कथा पुन्हा, फक्त हिरोईन टूबीच्या जागी तिचा साथीदार नाइनएस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर आळशीपणा म्हटलं असतं, योको तारोनं केलं की प्रतिभा. मी तिथंच सोडलं. आणि मुलाखतीत त्यानं ते गेममधल्या एमिल या पात्राचं हसरं टकलं डोक्यावर घालून बसायचं, हे मार्केटिंग नाही तर काय?

पेडणेकरीण: आमच्या गावात काल्याला मुखवटा घालून संकासूर राक्षस येतो तेव्हा आत कोण हे अख्ख्या गावाला माहीत असतं, तरी पोरं आईच्या पदराआड लपतात. मुखवट्याला मार्केटिंग म्हणायचं तर तोही मार्केटिंगच 😄 आणि हा माणूस आजचा नाही बाबा. २००३ च्या ड्रॅकनगार्डचं शेवटचं एंडिंग बघ, तलवार आणि ड्रॅगनचा गेम अचानक टोकियोवर जातो आणि बॉसशी लढायचं म्हणजे तालावर बटणं दाबायची. त्या वेड्या शेवटातून २०१० चा निअर निघाला.

फोंडेकार_४: तालाचं तेवढं मान्य, भन्नाटच आहे. पण सगळं श्रेय एकट्याला का? ऑटोमाटात हात चालवताना मजा येते ती प्लॅटिनमगेम्स या स्टुडिओमुळे, रडू येतं ते केइची ओकाबेच्या संगीतामुळे. ते काढा आणि मग बोला.

म्हापशेकार: काढून कशाला बघू, फोडणी काढून आमटी चाखतो का आपण? आणि २६ एंडिंगपैकी एकात टूबी मॅकरेल मासा खाऊन मरते, म्हणजे आपला बांगडाच रे! गोंयकाराला बांगड्यानं मारायचं सुचणाऱ्या माणसाला मी फुल मार्क देतो, संगीत कुणाचंही असो.

पेडणेकरीण: बांगडा बरोबर भाजला नसणार.

फोंडेकार_४: विनोद राहू दे. साठ तास पुसायला लावणं हा खेळणाऱ्याच्या वेळेचा अपमान, एवढंच माझं म्हणणं.

म्हापशेकार: लावत नाही, विचारतो, तेही चार-पाचदा. वर बजावतो की तुझी मदत तुला अजिबात न आवडणाऱ्या माणसालाही जाऊ शकते. खरं सांगू, तेव्हा मला तूच आठवलास. तरी हो दाबलं.

फोंडेकार_४: वाया गेली तुझी सेव्ह, मी बी मध्येच अडकलोय.